वेग तिप्पट केला, तरी वर्ग तुटतोच

पत्र

नमस्कार. मी पुण्यात कर्वेनगरला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. शनिवार-रविवारी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, मागच्या बेडरूममध्ये बसून वर्ग घेते. नेमकं त्याच वेळी माझं चित्र गोठतं, आवाज तुटतो आणि मुलं ‘आज्जी, ऐकू येत नाही’ म्हणत राहतात. फायबरचं कनेक्शन मोठ्या कंपनीचं आहे, पण जोडणी-दुरुस्ती इथला केबलवाला बघतो. तक्रार केली तेव्हा कंपनी म्हणाली, तुमचा प्लॅन लहान आहे. म्हणून शंभर एमबीपीएस वेगाचा होता तो तीनशेचा केला आणि वर्षाचे पैसे एकदम भरले. काडीचा फरक पडला नाही. केबलवाल्याकडे कामाला असलेला मुलगा दुपारी येतो, हॉलमध्ये राउटरखाली उभा राहून मोबाइलवर २९० चा आकडा दाखवतो आणि जातो. कॉल सेंटरवाले राउटर बंद करून चालू करायला सांगतात. गुरुवारी लाइट गेली की घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं. परवा त्या मुलाला मी फार बोलले. सोसायटीत दुसरी कंपनी येऊ देत नाहीत. माझा मुलगा म्हणतो मेश घे, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, यांचं म्हणणं ग्राहक मंचात जा. काय करू?

उत्तर

ताई, आधी येत्या शनिवारचं बघू, कारण मुलं वाट बघणार आहेत. त्या दिवशी घरच्या वायफायवर अवलंबून राहू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा, फोन चार्जरला लावून खिडकीशी ठेवा आणि लॅपटॉप त्याला जोडा. व्हिडिओ वर्गाला तासाला साधारण एक ते दीड जीबी डेटा लागतो, तेवढा शिल्लक आहे ना ते सकाळीच बघून ठेवा. शुक्रवारी रात्री कुणाला तरी कॉल करून एकदा तपासूनही घ्या. ही कायमची सोय नाही, पण दोन आठवडे निभावतील. तेवढ्यात खरा दोष शोधता येईल.

आता तो २९० चा आकडा. तो खोटा आहे असं मला वाटत नाही. पण तो दुपारी घेतलेला आहे आणि तुमचा वर्ग रात्री असतो. तो राउटरखाली घेतलेला आहे आणि तुम्ही मागच्या खोलीत बसता. शिवाय वेग मोजणारी ॲप्स बहुतेक वेळा जवळचा सर्व्हर आपोआप निवडतात, आणि तो कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. म्हणजे मोजमाप कंपनीच्या अंगणातच पूर्ण होतं. तुमचं बोलणं मात्र अंगणाबाहेर पडून थेट परदेशातल्या मुलांपर्यंत जायचं असतं. तिन्ही गोष्टी तुमच्या अडचणीपासून लांब, म्हणून आकडा सुंदर आणि वर्ग बंद.

प्लॅन वाढवायला सांगितलं, याचा मला खरोखर राग आला. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना चार एमबीपीएसच्या आत भागतं. सिनेमा अगदी ४के दर्जात बघायचा तरी नेटफ्लिक्स १५ पुरेत म्हणतं. तुमचा शंभरचा प्लॅन वर्ग, तुमच्या यांचा टीव्ही आणि दोन मोबाइल मिळून सहज पुरणारा होता. तुम्हाला वेग कमी पडत नव्हता, सलगपणा कमी पडत होता. कॉलमध्ये आवाजाचे तुकडे सतत, ठरलेल्या अंतराने पोचावे लागतात. दोन सेकंद काहीच आलं नाही आणि मग एकदम सगळं आलं, तर सिनेमा चालतो, कारण तो पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. संभाषणाला साठवायला पुढचं काही नसतंच. म्हणून तीनशेने काही बदललं नाही, आणि हजारनेही बदलणार नाही.

मग तुटतंय कुठे? तुमच्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंतच्या हवेत, की राउटरच्या पुढे? एवढं एक कळलं की मेश घ्यायचा का, कंपनीशी भांडायचं का, हे दोन्ही प्रश्न सुटतात. ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

शोधायची रीत सोपी आहे. लॅपटॉप विंडोजचा असेल तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडा. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता छापलेला असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा. त्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत पिंग, मग जागा सोडून तो पत्ता, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला चिकटून टी, असं टाइप करून एंटर दाबा. तशीच दुसरी खिडकी उघडून तिथे राउटरच्या पत्त्याऐवजी ८.८.८.८ टाका. हा गूगलचा सगळ्या जगाला खुला असलेला सर्व्हर आहे. दोन्ही खिडक्यांत ओळींमागून ओळी येत राहतील आणि प्रत्येकीत ‘टाइम’ या शब्दापुढे मिलिसेकंद दिसतील. रात्री आठ-साडेआठला, मागच्या खोलीत, तुमच्या नेहमीच्या खुर्चीत बसून हे दहा मिनिटं चालू ठेवा आणि त्याच वेळी कुणाशी तरी व्हिडिओवर बोला. थांबवायला कंट्रोल आणि सी. टाइप करणं जड वाटलं तर शेजारच्या कॉलेजमधल्या एखाद्या पोराला बसवा.

राउटरची खिडकी पाच-सात मिलिसेकंदांवर शांत चालली आहे, पण ८.८.८.८ च्या खिडकीत मध्येच दोनशे, चारशे किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय, तर दोष घराबाहेर आहे. राउटरची खिडकीच उड्या मारत असेल, तर दोष घरात आहे. निदान पहिला दोष तरी. फोटो काढून ठेवा, खिडकीत किती वाजले ते दिसत नाही म्हणून लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं घड्याळही फोटोत येऊ द्या.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दोन्हीकडे थोडं थोडं वाटतं आहे. आधी घरातलं बोलते, कारण ते आपल्या हातात आहे.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पिवळी बारीक वायर जिन्यातून दारावरच्या भोकातून आत येते आणि राउटर तिथेच, दरवाज्याच्या चौकटीवर, ठोकला जातो. वायर लावणाऱ्याला ते सोयीचं असतं. घराचं टोक दुसरीकडे असतं. मध्ये दोन भिंती, एखादा काँक्रीटचा खांब, शिवाय बेडरूममध्ये लोखंडी कपाट असलं तर वायफायची ताकद तिथपर्यंत अर्धमेली होऊन पोचते. राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी लांब जाते, भिंती पार करते, पण तिच्यात एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच, १, ६ आणि ११. तुमच्या बिल्डिंगमधले सगळे राउटर त्याच तीन रस्त्यांवर गर्दी करतात. रात्री सगळी घरं जागी असतात तेव्हा तुमच्या लॅपटॉपला बोलायची पाळी येईपर्यंतच वेळ जातो. ५ गिगाहर्ट्‌झची पट्टी मोकळी आणि वेगवान असते, पण तिला भिंत सोसत नाही. नेटवर्कच्या यादीत तुमच्या नावापुढे ५जी लिहिलेलं दिसत असेल तर ती हीच पट्टी, मोबाइलच्या ५जीशी तिचा संबंध नाही. दोन नावं दिसतच नसतील तर एकतर राउटरने दोन्ही पट्ट्या एकाच नावाखाली ठेवल्या आहेत, नाहीतर डबा जुना, एकाच पट्टीचा आहे. डबा एकाच पट्टीचा निघाला तर बदलून मागा. तीनशेचा प्लॅन विकून एक पट्टीचा डबा ठेवणं बरोबर नाही.

घरात वायफायवर चालणारे कॅमेरे असतील तर तेही दिवसरात्र याच २.४ वर चित्रं ढकलत असतात. आणि यांचा फोन संध्याकाळी चार्जिंगला लागला की दिवसभराचे फोटो इंटरनेटवर चढवायला सुरुवात करतो. वर्गाच्या दोन तासांत ते थांबवून बघा.

घरातल्या दोषावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय जुनाच आहे. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट ६ ची लॅन वायर टाका आणि लॅपटॉप तिला जोडा. छताच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीतून नेली तर दिसतही नाही, आणि खर्च मेशच्या तुलनेत फारच थोडा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा छोटा जोड मिळतो. जोडल्यावर वेग कितीही केलं तरी ९४-९५ च्या वर जात नसेल तर घाबरू नका. वायरीतल्या आठपैकी चारच तारा जुळल्या आहेत किंवा राउटरचं ते भोकच शंभराचं आहे. तुमच्या कामाला तेवढा वेग भरपूर आहे. तुमच्या मुलाला सांगा, मेश वाईट नाही, पण तिचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर गर्दीचा प्रश्न तसाच राहतो. आणि बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर तर घेऊच नका. तो ऐकलेलं पुन्हा सांगतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो.

वायर लावूनही रात्री तुटत असेल, तर आता घराबाहेर चला.

फायबरमध्ये केबलवाल्याच्या यंत्रापासून एक धागा निघतो आणि तो वाटेत फाटे फुटून ३२ किंवा ६४ घरांना जातो. त्या धाग्यावर खाली येणारा वेग साधारण अडीच गिगाबिट, तो या सगळ्यांचा मिळून. ३२ घरांना तीनशे-तीनशे विकले तर बेरीज साडेनऊ गिगाबिटच्या वर जाते. यात लबाडी नाही, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत. खरी अडचण बहुधा त्याच्याही पुढे असते. स्थानिक यंत्रापासून कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंत घेतलेली क्षमता कमी असते, गिऱ्हाईकं वाढत जातात, क्षमता वाढवायला पैसे लागतात. मग पुण्यात गुरुवारच्या पाणी-बंदनंतर शुक्रवारी पाणी ‘उशिरा आणि कमी दाबाने’ येतं, तसं रोज रात्री आठ ते अकरा होतं. दुपारी मात्र दाब उत्तम. तुमचा त्रास नेमका त्याच वेळी होतो म्हणून मला याची शंका आहे. लॅन वायरीवर, एकाच लॅपटॉपने, सकाळी सात आणि रात्री साडेआठ असं आठवडाभर मोजा. ॲपमध्ये सर्व्हर आपोआप न घेता मुंबईतला, दुसऱ्या कंपनीचा निवडा. सकाळी अडीचशे एमबीपीएस आणि रात्री फक्त बाराच एमबीपीएस येत असतील तर त्या तक्त्याहून मोठा पुरावा नाही.

रस्ता खोदताना धागा तुटणं हे प्रकरण वेगळं. समान पाणीपुरवठा योजनेची खोदाई असो की झाडावरून लोंबणाऱ्या केबली कापणं असो, त्यात नेट पूर्ण जातं आणि डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागतो. तुमच्याकडे वर्ग तुटतो तेव्हा दिवा हिरवाच राहत असेल तर धागा शाबूत आहे. पण प्रकाश क्षीण असू शकतो, आणि तिथेच तो मुलगा कामाला येतो.

त्याला पुन्हा बोलवा. रात्री आठला येशील का, असं विचारून बोलवा. तुम्ही त्याला बोललात, आता चहा द्या. कंपनीने क्षमता किती घेतली यावर त्याचा काहीच अधिकार नाही. तो केबलवाल्याकडे पगारावर आहे, आणि दिवसभर अशाच घरांतून बोलणी खात फिरतो. पण त्याच्या पिशवीत प्रकाश मोजायचं यंत्र असतं. डब्याशी येणारी ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत दिसते. उणे १५ ते उणे २४ च्या आसपास असेल तर ठीक. उणे २७ च्या जवळ किंवा त्याखाली गेली तर जोडणीत धूळ आहे, वायर कुठेतरी दारात चेपली आहे, नाहीतर सांधे फार झाले आहेत. हे तो तासाभरात दुरुस्त करू शकतो. मग त्याला मागच्या खोलीत, तुमच्या खुर्चीत बसवा आणि दोन्ही काळ्या खिडक्या दाखवा. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तो मालकाला सांगेल. त्या सांगण्याला कॉल सेंटरपेक्षा जास्त वजन असतं.

गुरुवारचं त्यालाच विचारा. फायबरच्या वाटेवरचे फाटे विजेवर चालत नाहीत. त्यामुळे तुमचा डबा इन्व्हर्टरवर चालू असूनही नेट जात असेल, तर केबलवाल्याच्या टोकाला वीज राखायची सोय नाही किंवा बॅटरी मेली आहे. महावितरणची कामं गुरुवारी निघतात हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला कारण म्हणून चालणार नाही. हे लेखी मागा.

आता लेखीचं. आतापर्यंत तुमच्या तक्रारी फोनवर झाल्या आहेत आणि त्या कदाचित ‘निवारण झाले’ म्हणून बंदही झाल्या असतील. यापुढे प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदीचा क्रमांक, घ्या, तो तुमचा हक्क आहे. ईमेल करा, सोबत आठवड्याचा तक्ता आणि फोटो जोडा. ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. ‘लॅन वायरीवर, अमुक तारखेला, रात्री ८.३५ ला, राउटरपर्यंत ३ मिलिसेकंद, पुढे संदेश हरवतात’ असं लिहा. अशा वाक्याला राउटर बंद-चालू करा हे उत्तर देता येत नाही.

वेगाच्या एकट्या आकड्यावर भांडण उभं करू नका, कारण तिथे जमीन भुसभुशीत आहे. जाहिरातीत ‘पर्यंत’ असा शब्द असतो. सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग २ एमबीपीएस पुरतो, तोही जानेवारी २०२३ पासून. त्याआधी तर ५१२ केबीपीएसच होता. मात्र ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २००६ च्या नियमांत दोन निकष घातले होते. गर्दीच्या वेळी कंपनीच्या आतल्या जोडण्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नयेत, आणि घेतलेल्या प्लॅनच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग ग्राहकापर्यंत पोचावा. सेवेच्या दर्जाचे नवे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. ईमेलमध्ये गर्दीच्या वेळची क्षमता किती भरते, हा प्रश्न सरळ विचारा. उत्तर आलं नाही तरी प्रश्न नोंदलेला राहतो.

तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगळाच आहे. प्लॅन लहान आहे असं सांगून तुम्हाला मोठा घ्यायला लावला आणि दोष जिथल्या तिथे राहिला. तेव्हा जुन्या दराने हिशेब करून फरक परत मागा, आणि सेवा बंद राहिलेल्या दिवसांची वजावट मागा. बिलाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरलेला असतो, तोही हिशेबात धरा.

समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. थेट ट्रायला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. अपिलातही हाती काही आलं नाही तर दूरसंचार विभागाकडे केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरून तक्रार जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं.

यांचं म्हणणं चूक नाही, फक्त ती पायरी शेवटची आहे. पूर्वी टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक मंचात चालतात का यावरच वाद घातला जाई. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालतात असा निर्वाळा दिला. आता जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे पूर्वीच्या मंचातच, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच उभी केली. तिचे कार्यकर्ते आजही मार्गदर्शन करतात. जाल तेव्हा डॉकेट नंबर, ईमेल, तक्ता आणि पैसे भरल्याची पावती घेऊन जा.

सोसायटीचं काम यांच्यावर सोपवा. एकाच कंपनीला वाट दिली की तिला सुधारायची गरज उरत नाही, आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये रात्री त्रास होणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल हे मला पटत नाही. चार-पाच घरांना तोच तक्ता भरायला सांगा. सह्यांचं पत्र कमिटीला द्या, आणि दुसऱ्या कंपनीला डक्टमधून वायर टाकू द्यावी हा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. वायरी लोंबतात, भिंतीला भोकं पडतात ही कमिटीची तक्रार रास्त असते. तेव्हा वायर कुठून जाईल, भोक कोण बुजवेल हे पत्रातच लिहून टाका.

दुसरी कंपनी आलीच, तर त्याच मजल्यावर किंवा शेजारच्या बिल्डिंगमध्ये ती कुणाकडे आहे ते शोधा आणि रात्री आठला त्यांच्याकडे जाऊन दोन काळ्या खिडक्या उघडून बघा. पहिले तीन महिने पैसे महिन्याचेच भरा, वर्षाची सवलत कितीही दाखवू देत. जुनं कनेक्शन नवं नीट चालल्यावरच बंद करा, आणि डबा परत देताना त्यावरचा सिरियल नंबर लिहिलेली पावती त्या मुलाकडून नाही, केबलवाल्याच्या ऑफिसातून घ्या.